मातेला दिलेले वचन : महात्मा गांधींची आहारसाधना

मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी परदेशी निघाली की जैन घरातील आईच्या मनात पहिली चिंता उभी राहते ती तेथील जेवणाची. शिक्षण कसे होईल, नोकरी कोठे मिळेल, हे प्रश्न नंतरचे. ताटात काय पडेल आणि ज्या संस्कारांत मूल वाढले ते संस्कार परक्या भूमीत टिकतील काय, हा प्रश्न आधीचा. १८८८ साली हीच चिंता राजकोटमधील एका वैष्णव मातेला पडली होती. तिने ती एका जैन साधूंपुढे मांडली. साधूंनी मुलाकडून प्रतिज्ञा करवून घेतली आणि त्या प्रतिज्ञेतून पुढे साठ वर्षे चाललेली एक साधना उभी राहिली. ती माता म्हणजे पुतळीबाई आणि तो मुलगा म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

महात्माजींचे राजकीय चरित्र सर्वश्रुत आहे. परंतु अन्नाच्या प्रश्नावर त्यांनी धर्मग्रंथांशी, वैद्यकाशी आणि स्वतःच्या शरीराशी आयुष्यभर जो वाद मांडला, त्याची हकिकत तेवढी परिचित नाही. शाकाहाराचा आधार शास्त्रवचन की विज्ञान, हा प्रश्न आजही घरोघरी तरुण मुले विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना या थोर पुरुषाने कोणती किंमत मोजली, हे समजून घेणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

काठेवाडातील संस्कार

मोहनदासांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. वडील करमचंद तथा कबा गांधी हे प्रथम पोरबंदरचे व नंतर राजकोटचे दिवाण. घराणे मोढ वणिक, वैष्णव संप्रदायाचे. परंतु काठेवाडात जैन धर्माचा प्रभाव एवढा खोलवर रुजलेला होता की मांसाहाराचा जेवढा तिटकारा जैन घरांत, तेवढाच वैष्णव घरांतही असे. जैन साधू कबा गांधींकडे येत, त्यांच्याशी धर्मचर्चा करीत आणि जैनेतर असलेल्या या घरातील आहारही स्वीकारीत. पुतळीबाई अत्यंत व्रतस्थ होत्या. एका चातुर्मासात त्यांनी सूर्यदर्शन झाल्याशिवाय अन्न न घेण्याचा नियम केला होता. पावसाळ्याचे दिवस, मुले अंगणात उभी राहून आकाशाकडे टक लावीत आणि सूर्य दिसताच आईला हाक मारीत. आई बाहेर येईपर्यंत सूर्य पुन्हा ढगाआड जाई. आज आपण जेवावे अशी देवाची इच्छा नाही, असे म्हणून त्या प्रसन्न मुखाने परत कामाला लागत.

परंतु घरातून मिळालेला संस्कार आणि स्वतः समजून घेतलेला धर्म यांत अंतर असते. वडिलांच्या ग्रंथसंग्रहात मोहनदासांच्या हाती मनुस्मृतीचे भाषांतर आले. त्यातील आहारविषयक भाग वाचून ते गोंधळून गेले. घरात ज्याला पाप मानतात त्याला ग्रंथात काही ठिकाणी मान्यता असल्याचे त्यांना दिसले. एका चुलतभावाला त्यांनी शंका विचारली, परंतु मोठा झालास की समजेल, यापलीकडे उत्तर मिळाले नाही. अशा संशयाच्या काळातच एका मित्राने मांसाहाराचा पुरस्कार त्यांच्यापुढे सुरू केला. इंग्रज मांस खातात म्हणून ते बलवान आहेत, भारतीय मांस खात नाहीत म्हणून ते दुबळे व गुलाम आहेत, असा त्याचा युक्तिवाद होता. तो मित्र धिप्पाड, धावण्यात व उड्या मारण्यात पटाईत; मोहनदास मात्र अंधाराला भिणारे, किरकोळ शरीराचे. देशाला स्वतंत्र करावयाचे तर मांस खाल्ले पाहिजे, असे त्या बालमनाला पटले.

नदीकाठी एकांतात बकऱ्याचे मांस प्रथम तोंडात घातले, तेव्हा ते चामड्यासारखे लागले. त्या रात्री आपल्या पोटात बकरे ओरडत आहे असा भास होऊन ते वारंवार दचकून जागे होत. तरीही वर्षभरात असे पाच-सहा प्रसंग घडले. अखेर त्यांनी ते सोडून दिले. प्राणिमात्रावरील दया हे त्या वेळचे कारण नव्हते. प्रत्येक वेळी भूक नाही असे आईला खोटे सांगावे लागत होते, आणि ते त्यांना असह्य झाले. आईवडील हयात असेपर्यंत मांस खावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. पुढे आत्मचरित्रात हा सारा प्रमाद त्यांनी काहीही न झाकता नोंदवून ठेवला.

बेचरजी स्वामींची प्रतिज्ञा

१८८५ साली कबा गांधींचे निधन झाले. बॅरिस्टर होण्यासाठी मोहनदासांना विलायतेस पाठवावे असा विचार पुढे आला, तेव्हा पुतळीबाई अस्वस्थ झाल्या. विलायतेत तरुण मांस खातात, मद्य पितात, बिघडतात, असे त्यांच्या कानावर आले होते. त्यांनी बेचरजी स्वामींचा सल्ला घेतला. बेचरजी स्वामी हे मूळचे मोढ वणिक, दीक्षा घेऊन जैन साधू झालेले आणि गांधी कुटुंबाचे हितचिंतक होते. त्यांनी मोहनदासांकडून मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा विधिपूर्वक करवून घेतली. मातेने संमती दिली आणि ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास मुंबईहून बोटीने निघाले. तेव्हा त्यांना एकोणीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती.

बोटीवरच परीक्षा सुरू झाली. एका इंग्रज सहप्रवाशाने ममतेनेच सांगितले की तांबड्या समुद्रापर्यंत ठीक आहे, पण पुढच्या थंडीत मांसावाचून जगणे अशक्य आहे. मोहनदासांनी मान डोलविली नाही. मांस न खाल्ल्याबद्दल लेखी प्रमाणपत्र देण्याची विनंती त्यांनी त्या गृहस्थाला केली व ते प्रमाणपत्र जपूनही ठेवले. मांस खाणाऱ्यालाही असे प्रमाणपत्र मिळू शकते, हे नंतर कळल्यावर त्या कागदाचे महत्त्व त्यांना उरले नाही. ज्याच्या शब्दावरच विश्वास नाही, त्याच्याजवळच्या कागदाचा काय उपयोग, हे त्यांना उमगले.

लंडनमध्ये पहिले काही महिने अक्षरशः उपासमारीचे गेले. मिठाशिवाय उकडलेल्या भाज्या, पाव व मुरंबा यांवर दिवस काढावे लागत. संकोचामुळे पावाचा आणखी एक तुकडा मागवत नसे. एका भारतीय मित्राने कळकळीने समजूत घातली, बेंथमचा उपयुक्ततावादाचा ग्रंथ वाचून दाखविला, अशिक्षित आईपुढे परदेशातील परिस्थिती न जाणता घेतलेल्या प्रतिज्ञेला काय अर्थ, असेही विचारले. मोहनदासांना या युक्तिवादाचे खंडन करता आले नाही. मांस खाणे कदाचित आवश्यक असेलही, परंतु प्रतिज्ञा मोडता येत नाही, एवढेच त्यांनी नम्रपणे सांगितले. या टप्प्यावर त्यांच्याजवळ शास्त्राचा आधार नव्हता, विज्ञानाचाही नव्हता. होते ते केवळ दिलेले वचन. पुढे जे काही उभे राहिले ते या वचनाच्या पायावर.

श्रद्धेला विवेकाची जोड

रस्तोरस्ती भटकत असताना एके दिवशी फॅरिंगडन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी उपाहारगृह सापडले. विलायतेत आल्यापासून पहिले पोटभर जेवण तेथे मिळाले. तेथेच विक्रीस ठेवलेले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची बाजू मांडणारे पुस्तक त्यांनी एका शिलिंगला विकत घेतले. ते वाचून झाल्यावर त्यांची भूमिका पालटली. तोपर्यंत ते वचनामुळे शाकाहारी होते आणि एक दिवस सारे भारतीय मांसाहारी व्हावेत असेही मनातून मानीत होते. आता ते स्वेच्छेने, विचारपूर्वक शाकाहारी झाले. पाठोपाठ हॉवर्ड विल्यम्स यांचा आहारनीतीवरील ग्रंथ, डॉ. अॅना किंग्जफोर्ड व डॉ. अॅलिन्सन यांचे लेखन त्यांनी वाचले. किंग्जफोर्ड यांनी तर १८८० साली पॅरिसच्या वैद्यकीय पदवीसाठी शाकाहारावरच प्रबंध लिहिला होता. मनुष्याचे दात, जठर व आतडी यांची प्राण्यांशी तुलना, धान्य व कडधान्यांतील पोषण, अल्प खर्च अशा अनेक अंगांनी पश्चिमेत हा वाद चालू असल्याचे त्यांना दिसले. लंडन शाकाहारी संस्थेच्या कार्यकारी मंडळावर त्यांची निवड झाली आणि १८९१ साली त्या चळवळीच्या साप्ताहिकात भारतीय शाकाहाऱ्यांविषयी त्यांची लेखमाला प्रसिद्ध झाली. पुढे लक्षावधी शब्द लिहिणाऱ्या या लेखणीचे आरंभीचे मुद्रित लेखन आहारावरचे होते.

याच काळात अंड्याचा प्रश्न उपस्थित झाला. अंडे म्हणजे मांस नव्हे, त्यात जिवंत प्राण्याला इजा होत नाही, असे तेथील काही मंडळी म्हणत. मोहनदासांनी थोडे दिवस अंडी खाल्लीही. इंग्लंडमध्ये मांसाच्या तीन व्याख्या प्रचलित होत्या. पहिलीप्रमाणे पशुपक्ष्यांचे मांस तेवढे वर्ज्य आणि मासे चालत. दुसरीप्रमाणे सर्व प्राण्यांचे मांस वर्ज्य पण अंडी चालत. तिसरीप्रमाणे अंडी व दूधही वर्ज्य. यांपैकी कोणती व्याख्या खरी, असा वाद घालीत बसण्यापेक्षा त्यांनी वेगळाच प्रश्न स्वतःला विचारला. प्रतिज्ञा घेताना आईच्या मनात मांस या शब्दाचा अर्थ कोणता होता? त्या अर्थात अंडी निश्चितपणे येत होती. मग प्रश्नच मिटला. वचन देणाऱ्याने सोयीचा अर्थ काढू नये, ज्याने प्रामाणिकपणे वचन घेतले त्याचा अर्थ प्रमाण मानावा, असा नियम त्यांनी घालून घेतला. तेव्हापासून उपाहारगृहातील केक व पुडिंगमध्ये अंडे आहे काय, याची चौकशी करणे आले. त्यामुळे कित्येक पदार्थ सुटले. तीस वर्षांनी हाच नियम त्यांच्या अंगावर उलटणार होता.

१८९१ च्या जून महिन्यात बॅरिस्टर होऊन ते भारताकडे परत निघाले. मुंबईत उतरल्यावर आईचे निधन झाल्याची बातमी त्यांना सांगण्यात आली. वचन पाळून मुलगा परत आला होता, परंतु ते आईला सांगण्याची संधी त्याला मिळाली नाही.

मुंबईतील जैन सहवास

त्याच सुमारास डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी त्यांची श्रीमद् राजचंद्रांशी भेट झाली. राजचंद्र वयाने त्यांच्याहून सुमारे दोनच वर्षांनी मोठे. जवाहिराचा व्यापार सांभाळणारे आणि शतावधानी म्हणून विख्यात. लाखांचा सौदा पुरा होताच धर्मग्रंथ अथवा वही उघडून आत्मचिंतनात मग्न होणारा हा व्यापारी पाहून गांधीजी थक्क झाले. पुढे दक्षिण आफ्रिकेत धर्मविषयक शंकांनी ग्रासले असता त्यांनी राजचंद्रांनाच पत्राने प्रश्न विचारले. आपल्या जीवनावर ज्यांचा खोल ठसा उमटला अशा व्यक्तींत टॉलस्टॉय व रस्किन यांच्याबरोबर राजचंद्रांचे नाव गांधीजींनी आवर्जून घेतले.

मुंबईतील त्या दिवसांत आणखी एक जैन मित्र त्यांना लाभले. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधित्व करणारे वीरचंद राघवजी गांधी ते हेच. दोघांनी मिळून आहाराचे प्रयोग केले. पुढे प्रिटोरिया येथे १८९३ साली गांधीजींनी न शिजविलेल्या अन्नाचा प्रयोग केला. अशक्तपणा आल्याने तो थोड्याच दिवसांत सोडावा लागला. तो फसल्याचे त्यांनी लंडनच्या शाकाहारी साप्ताहिकात स्वतःच प्रसिद्ध केले. जमेची बाजू दाखवून खर्चाची बाजू झाकणारी वही त्यांनी कधी ठेवली नाही.

घरातील कसोटी

स्वतःच्या शरीरावर प्रयोग करणे सोपे असते. पत्नी व मुले आजारी पडतात तेव्हा तत्त्वाची खरी कसोटी लागते. १९०२ साली मुंबईत गिरगावात राहत असताना दहा वर्षांचा मणिलाल विषमज्वराने अंथरुणाला खिळला. सोबत न्यूमोनियाची लक्षणे होती. पारशी डॉक्टरांनी औषधाचा फारसा उपयोग नाही, अंडी व कोंबडीचे सूप द्यावे, असे सुचविले. गांधीजींनी नम्रपणे नकार दिला. मात्र नाडी व छाती तपासण्यासाठी डॉक्टरांनी येत राहावे अशी विनंती केली. कटिस्नान, पाणी घातलेला संत्र्याचा रस असे उपचार सुरू झाले. ताप १०४ अंशांपर्यंत गेला. लोक काय म्हणतील, मोठे भाऊ काय म्हणतील, आपल्या हट्टापायी मुलाचे प्राण धोक्यात घालण्याचा बापाला काय अधिकार, या विचारांनी त्यांचे मन पोखरले. एका रात्री मुलाला ओल्या चादरीत गुंडाळून ते चौपाटीकडे रामनाम घेत फिरत राहिले. परतल्यावर मुलाला दरदरून घाम सुटला आणि ताप उतरू लागला. त्यानंतर चाळीस दिवस दूध व पथ्य यांवर मणिलालला जपावे लागले. मुलगा ईश्वरकृपेने बरा झाला, जलोपचाराने झाला की शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असेच त्यांनी पुढे लिहिले. आपल्या उपचाराचा विजय झाला असा दावा त्यांनी केला नाही.

दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांवर डर्बन येथे शस्त्रक्रिया झाली, तेव्हाचा प्रसंग याहून कठीण होता. प्रकृती अतिशय खालावली. गोमांसाचे सूप देण्याची परवानगी डॉक्टरांनी दूरध्वनीवरून मागितली. गांधीजींनी स्वतःपुरता नकार दिला, परंतु कस्तुरबा शुद्धीवर असतील तर त्यांची इच्छा विचारावी, असे सांगितले. ते जोहान्सबर्गहून तातडीने डर्बनला पोहोचले, तेव्हा सूप आधीच दिले गेल्याचे डॉक्टरांनी कबूल केले. आपल्या उपचारपद्धतीप्रमाणे वागावयाचे नसेल तर रुग्णाला घेऊन जावे, असेही बजावले. गांधीजींनी कस्तुरबांपुढे सारी स्थिती मांडली. मेले तरी चालेल, पण असे अन्न घेऊन देह विटाळणार नाही, असा त्यांचा निर्धार होता. भुरभुरत्या पावसात, हाडांचा सापळा झालेल्या पत्नीला घेऊन ते फिनिक्स आश्रमात आले.

तेथे एक स्वामी समाचारास आले. सहानुभूतीपोटीच त्यांनी मनुस्मृतीतील आधार देऊन मांसभक्षणात अधर्म नाही असे प्रतिपादन सुरू केले. ज्या ग्रंथाने बालपणी संशय निर्माण केला होता, तोच ग्रंथ आता पत्नीच्या रुग्णशय्येपाशी पुन्हा उभा राहिला. गांधीजींना ते श्लोक ठाऊक होते. त्यांतील काही प्रक्षिप्त मानले जातात हेही ठाऊक होते. परंतु त्यांची शाकाहारावरील निष्ठा आता ग्रंथांतील श्लोकांवर अवलंबून राहिली नव्हती. कस्तुरबांना तर शास्त्रार्थ करता येत नव्हता. पूर्वजांचा आचार हाच त्यांचा धर्म होता. त्यांनी स्वामींना सांगितले की मांसाचे सूप घेऊन बरे व्हावयाचे नाही, वाद करावयाचा तर पती व मुलांशी करावा, मला त्रास देऊ नये. त्या एका वाक्याने शास्त्रार्थ संपला. पुढे कस्तुरबा हळूहळू बऱ्या झाल्या.

असा दृढ निश्चय असूनही त्यांनी इतरांवर सक्ती केली नाही. टॉलस्टॉय फार्मवर मुसलमान व ख्रिस्ती सत्याग्रही कुटुंबेही राहावयाची होती. मांस मागितले तर ते नाकारण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे मानून त्यांनी प्रथम त्यांची इच्छा विचारली. त्या सर्वांनी आनंदाने शाकाहारी स्वयंपाकघर मान्य केले.

दुधाचा त्याग आणि पराभवाची कबुली

दूध इंद्रियांना उत्तेजित करते, असे गांधीजींनी प्रथम श्रीमद् राजचंद्रांकडून ऐकले होते. जैन परंपरेत बाह्य तपांमध्ये रसपरित्याग सांगितला आहे. त्याच जातीचा हा विचार होता. पुढे कलकत्त्यातील गवळी गाईम्हशींचे अखेरच्या थेंबापर्यंत दूध काढण्यासाठी जी फूंका नावाची क्रूर प्रक्रिया करीत, तिचे वर्णन त्यांच्या वाचनात आले. १९१२ साली टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी व त्यांचे जर्मन स्नेही हर्मन कॅलनबाख यांनी दूध सोडले. शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू व ऑलिव्ह तेल एवढ्यावर ते राहू लागले.

१९१४ साली लंडनमध्ये त्यांना फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला. डॉ. जीवराज मेहता यांनी दूध घेण्याचा सल्ला दिला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी तेथेच होते आणि त्यांनीही आग्रह धरला. गुरुस्थानी मानलेल्या गोखल्यांचा शब्द मोडणे गांधीजींना जड गेले. त्यांनी चोवीस तासांची मुदत मागितली, रात्रभर विचार केला आणि बाकी सारे मान्य करून दुधाला मात्र नकार दिला.

१९१८ साली खेडा जिल्ह्यातील धावपळीत ते आमांशाने अंथरुणाला खिळले आणि महिनोन् महिने उठू शकले नाहीत. आपला अंत जवळ आला आहे, असे त्यांना वाटू लागले. मुंबईत डॉ. दलाल यांनी स्पष्ट सांगितले की दूध घेतल्याशिवाय शरीर पुन्हा उभे राहणार नाही. गांधीजींनी दूध न घेण्याच्या व्रताची अडचण सांगितली. व्रत घेताना मनात कोणते दूध होते, असा प्रश्न निघाला. गाईम्हशींचे, असे उत्तर मिळताच कस्तुरबांनी पलंगाजवळून सुचविले की मग बकरीच्या दुधाला हरकत नसावी. गांधीजी नमले आणि बकरीचे दूध सुरू झाले.

प्राण वाचले, पण मन शांत झाले नाही. लंडनमध्ये अंड्याच्या प्रश्नावर त्यांनीच नियम केला होता की वचनाचा सोयीचा अर्थ काढावयाचा नाही. त्या कसोटीने पाहता दुधाचे व्रत म्हणजे सर्व प्राण्यांच्या दुधाचे व्रत होते. अक्षर पाळले गेले, आत्मा मात्र मोडला, हे त्यांनी स्वतःच जाहीर केले. रौलट कायद्याविरुद्ध लढण्याची तळमळ आणि जगण्याची इच्छा यांनी आपल्याला दुर्बळ केले, असे कारणही त्यांनी लपविले नाही. त्यांचे आरोग्यविषयक जुने पुस्तक दुधाच्या विरोधात होते व पुष्कळ वाचले जात होते. म्हणून आत्मचरित्रात त्यांनी वाचकांना सावध केले की केवळ त्या पुस्तकाच्या आधारे कोणी दूध सोडू नये. स्वतःच्या ग्रंथाविरुद्ध वाचकांना असा इशारा देणारे लेखक विरळा.

विज्ञानाचे स्थान

यानंतरही प्रयोग थांबले नाहीत. १९२९ साली साबरमती आश्रमात न शिजविलेल्या अन्नाचा प्रयोग पुन्हा झाला. प्रकृती ढासळल्याने तोही सोडावा लागला आणि तेही छापून आले. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. वर्ध्याच्या मगनवाडीत हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, गूळ, ताजा पालेभाजीचा वापर आणि सोयाबीन यांचे प्रयोग सुरू झाले. कुन्नूर येथील आहार संशोधन संस्थेतील डॉ. आयक्रॉइड यांच्यासारख्या तज्ज्ञांची मते ‘हरिजन’मध्ये प्रसिद्ध होत. गरीब शेतकऱ्याला परवडेल असा सकस शाकाहार कोणता, हा तेव्हा त्यांचा प्रश्न होता.

२० नोव्हेंबर १९३१ रोजी, गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असता, तेथील शाकाहारी संस्थेत त्यांचे भाषण झाले. ज्यांच्या पुस्तकाने त्यांना दिशा दाखविली ते वृद्ध हेन्री सॉल्ट शेजारी बसले होते. केवळ प्रकृतीसाठी शाकाहारी झालेले बहुतेक लोक पुढे मागे फिरतात, कारण आजार आला की तो आधार डळमळतो. नैतिक पाया असेल तरच शाकाहार टिकतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. सदासर्वदा अन्नाविषयीच बोलणारे शाकाहारी आणि डाळीवर मनसोक्त ताव मारून स्वतःला संयमी समजणारे शाकाहारी यांनाही त्यांनी कानपिचक्या दिल्या.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई यांचे तेथेच निधन झाले. त्या शोकातच २८ ऑगस्टला गांधीजींनी आरोग्यावरील नवे पुस्तक लिहावयास घेतले व १८ डिसेंबरला पूर्ण केले. तेच ‘आरोग्यनी चावी’. जुन्या पुस्तकातील दुधाविषयीचे मत त्यांनी येथे बदलले. वनस्पतिजन्य अन्नात दुधाची पूर्ण जागा घेणारे काही आपल्याला सापडले नाही, शास्त्रज्ञांनी ते शोधावे, अशी अपेक्षा व्यक्त करून त्यांनी शाकाहाऱ्याला दूध आवश्यक मानले.

याच पुस्तकात त्यांनी निर्जीव, म्हणजे फलन न झालेल्या अंड्याविषयीही लिहिले आहे. दूध घेणाऱ्याला अशा अंड्याची तर्काने हरकत घेता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जैन वाचकाला हे मत खटकेल, परंतु ते झाकून ठेवणे योग्य नव्हे. आपल्या परंपरेची भूमिका येथे वेगळी आहे. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपाय ग्रंथात आपोआप मेलेल्या प्राण्याचे मांसही वर्ज्य का, याचे विवेचन केले आहे. त्यात आश्रित सूक्ष्म जीवांची हिंसा होतेच, असे ते दाखवितात. म्हणजे मारले नाही एवढ्याने वस्तू भक्ष्य ठरत नाही. अंडे आपण अभक्ष्यच मानतो. आणि गांधीजींचा स्वतःचा आचारही लक्षात घ्यावा. तर्काने अंड्याला वाट मोकळी करून देणाऱ्या या पुरुषाने लंडनमध्ये आईच्या अर्थाने अंडे सोडले, ते तर्क बदलला म्हणून पुन्हा जवळ केले नाही.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली. त्याच वर्षी अमेरिका व इंग्लंडमधील संशोधकांनी बी-१२ हे जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात वेगळे केले. रक्त व मज्जातंतू यांना आवश्यक असलेले हे जीवनसत्त्व सूक्ष्म जीवाणू तयार करतात. धान्य, कडधान्ये, भाज्या व फळे यांत ते भरवशाने मिळत नाही. दूध, दही, ताक यांत मिळते. गांधीजींचे आजार याच्याच अभावाने झाले, असे म्हणता येणार नाही. परंतु वनस्पतींत दुधाची काही उणीव राहते, हा त्यांच्या प्रयोगांचा निष्कर्ष योग्य दिशेचा होता. आज जीवाणूंच्या साहाय्याने बनविलेले बी-१२ गोळ्यांच्या रूपाने उपलब्ध आहे आणि दूध न घेणाऱ्यालाही ते घेता येते. योग्य नियोजन केलेला शाकाहार आरोग्यास पुरेसा असतो, असा निर्वाळा अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या प्रमुख संस्थेने २००९ व २०१६ साली दिला. त्यात योग्य नियोजन हे शब्द महत्त्वाचे आहेत.

या जीवनकथेतून निघणारा बोध सरळ आहे. मांस खावयाचे नाही, हा निर्णय करुणेचा व वचनाचा आहे. तो प्रयोगशाळेच्या निकालावर सोडावयाचा नाही. मात्र त्या मर्यादेत राहून काय खावे, किती खावे, कोणती उणीव कशी भरून काढावी, हे विज्ञानाला आदराने विचारावयाचे आहे. वचन सोडून केवळ विज्ञानावर विसंबणारा पहिल्या आजारात डगमगतो. विज्ञान नाकारून केवळ वचनाचा अभिमान बाळगणारा आपल्या अशक्त प्रकृतीने धर्मालाच कमीपणा आणतो. म्हणून परदेशी निघालेल्या मुलाला नियम देताना कडधान्य, दूध व बी-१२ यांची माहितीही द्यावी, आणि ताटातील भेदामुळे कोणाचा तिरस्कार करू नये, हेही सांगावे.

पुतळीबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. बेचरजी स्वामींचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही. परंतु त्या मातेने धरलेला आग्रह आणि त्या साधूंनी दिलेला नियम यांनी एका भित्र्या मुलाच्या पायाखाली भक्कम जमीन दिली. आपल्या घरांतून आणि पाठशाळांतून दिला जाणारा छोटासा नियमही असाच कोणाच्या तरी आयुष्याचा आधार होऊ शकतो, ही जाणीव ठेवून तो द्यावा आणि तितक्याच प्रामाणिकपणे घ्यावा.

जय जिनेन्द्र.